घरचें दप्तर : चार प्रती, एक पाठ

एकत्र कुटुंबांतील भांडीं वांटतां येतात, दागिने वांटतां येतात, वेळ आली तर मध्यें भिंत घालून घरही वांटतां येतें. पण कागद वांटला जात नाहीं. कागदाच्या प्रती होतात. ज्याला हवी त्यानें आपली प्रत घ्यावी, यांत कोणाचेंच नुकसान दिसत नाहीं, आणि म्हणून ती वांटणी सर्वांत सोपी वाटते. वास्तविक पुढें तीच सर्वांत अवघड होऊन बसते. तपेलें दुसऱ्या घरीं गेलें तरी तपेलेंच राहतें. मजकूर मात्र दोन घरीं गेला कीं दोन रीतींनीं वाढूं लागतो. पांचदहा वर्षांनीं त्या प्रती पुन्हा एकत्र आणण्याचा प्रसंग आला म्हणजे, यांतील खरी कोणती, हा प्रश्न उभा राहतो. त्याच प्रश्नाचा या महिन्यांत विचार करावयाचा आहे.

विषय डोळ्यांपुढें राहावा म्हणून आपण एक घर कल्पूं. पुण्याहून सातारच्या वाटेनें निघालें म्हणजे नीरा ओलांडण्यापूर्वीं भोर तालुक्यांतील सारोळें गांव लागतें. तेथें एका कुटुंबाचें मूळ घर आहे असें समजावें. भाऊ चौघे, थोरले सारोळ्यासच राहिले, दुसरे पुण्यास गेले, तिसरे मुंबईस, आणि चवथ्यांचीं मुलें आज परदेशीं आहेत. थोरल्यांनीं आपल्या हयातींत एका वहींत घराण्याची हकीकत लिहून ठेविली: गोत्र, कुलदैवत, मूळ पुरुष, कोण कोणाचा मुलगा, विहीर कोणत्या सालीं बांधली, कोणाची मुंज कोठें झाली. पुढें एका पुतण्यानें ती संगणकावर उतरवून घेतली आणि सर्वांस धाडली.

इथवर कांहींच बिघडलें नाहीं. मग पुण्याच्या घरानें शाळेचे दाखले व जुनीं पंचांगें पाहून सनावळी दुरुस्त केली. मुंबईच्या घरानें भाषा सफाईदार केली आणि पाल्हाळ काढून टाकला. परदेशांतील मुलांनीं आपल्या पिढीचीं लग्नें व जन्म घातले. सारोळ्यास संगणकाला कोणी हात लावला नाहीं. तेथें मूळ वहीच्याच समासांत शाईनें भर पडत गेली. आतां घरांतील वडील बाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळीं हा वृत्तांत छापावा असें ठरतें, आणि चार घरांतून चार प्रती येतात. एकीचें नांव ‘अंतिम’, दुसरीचें ‘अंतिम नवी’, तिसरीचें ‘खरी अंतिम’. चवथी ती वही.

हा नुसता सोयीगैरसोयीचा प्रश्न नव्हे. थोरल्यांची एक आत्या बालविधवा होती. मूळ वहींत तिच्याविषयीं एवढीच ओळ होती कीं, ती येथेंच असे. नांव नव्हतें. पुण्याच्या प्रतींत तिचें नांव आलें. शिवाय आईकडून आलेल्या पाटल्या मोडून तिनें दुसऱ्या भावाची कॉलेजची फी भरली, ही त्यानें स्वतः सांगितलेली हकीकतही आली. मुंबईच्या प्रतींतून ती ओळच गेली. घरची गोष्ट चारचौघांत कशाला, हा विचार. परदेशची प्रत मूळ ओळीवरच राहिली. म्हणजे नांव एका प्रतींत, निनांवी उल्लेख दोहोंत, आणि एकींत कांहींच नाहीं. बहुमतानें चाललें तर ती बाई निनांवी राहते. सर्वांत शेवटीं बदललेली प्रत खरी मानावी म्हटलें, आणि ती मुंबईची निघाली, तर ती मुळींच राहत नाहीं. कसें जुळवावयाचें यावर एका माणसाची आठवण अवलंबून आहे.

प्रथम यंत्र काय करतें तें पाहूं. दोन मजकूर त्याच्यापुढें ठेविले तर तें अर्थाकडे पाहत नाहीं. दोहोंत त्याच क्रमानें येणारा, जास्तींत जास्त लांबीचा सामाईक भाग कोणता, एवढेंच तें शोधतें. तो सांपडला म्हणजे पहिल्या प्रतींत जें उरलें तें ‘गाळलेलें’ आणि दुसरींत जें उरलें तें ‘घातलेलें’ अशी खूण करतें. जेम्स हंट व डग्लस मॅकइलरॉय यांचा या रीतीवरील, अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें काढलेला अहवाल १९७६ सालचा आहे. आज घरोघरच्या संगणकावर जी तुलना होते तिच्या मुळाशीं हीच कल्पना आहे. तिची मर्यादाही यांतूनच कळते. एखादा परिच्छेद उचलून चार पानें पुढें नेला, तर कित्येकदां यंत्र तो एके ठिकाणीं गळाला व दुसरीकडे नवा आला असें दाखवितें. वाचणाऱ्यास वाटतें कीं कोणीतरी मजकूर खोडला; खोडलेलें कांहींच नसतें.

तुलनेला दोन प्रती पुरतात. मिलाफाला तिसरी लागते. ती म्हणजे ज्या प्रतीपासून त्या दोघी निघाल्या ती मूळ प्रत. विहीर शके १८४२ त बांधली असें मुंबईची प्रत म्हणते, १८४४ असें पुण्याची म्हणते. एवढ्यावरून निर्णय होत नाहीं. परंतु मूळ प्रत पाहिली आणि तींत १८४२ असलें, तर मुंबईनें त्या ओळीला हात लावलेला नाहीं व पुण्यानें ती बदलली, हें तत्काळ कळतें. अशा वेळीं यंत्र पुण्याचा पाठ घेतें, कारण बदल एकाच बाजूनें झाला आहे. दोघांनींही ती ओळ निरनिराळ्या तऱ्हेनें बदलली असेल, तर मात्र शहाणें यंत्र थांबतें व माणसास विचारतें. आतां, यंत्रानें पुण्याचा पाठ घेतला म्हणून तो खरा ठरला असें नाहीं. पुण्यास दाखला पाहून बदल झाला कीं टंकतांना बोट चुकलें, हें यंत्राला कोठून कळणार? यासाठीं ज्या दिवशीं प्रती वांटल्या त्या दिवशींची मूळ प्रत, एक अक्षरही न बदलतां, कोणा एकाजवळ राहिली पाहिजे. पुष्कळ घरांत नेमकी तीच नसते.

प्रत्यक्ष सोय म्हणाल तर ‘वर्ड’ मध्यें ‘रिव्ह्यू’ या सदराखालीं ‘कंपेअर’ आणि ‘कंबाइन’ अशा दोन गोष्टी आहेत. पहिलीनें दोन प्रतींतील फरक दिसतो. दुसरीनें निरनिराळ्या माणसांनीं केलेल्या दुरुस्त्या, कोणाची कोणती या खुणेसह, एका प्रतींत येतात. एका वेळीं दोनच प्रती जुळतात. तिसरी असल्यास पहिल्या दोहोंच्या मिलाफाशीं ती जुळवावयाची. ‘लिब्रेऑफिस’ ही विनामूल्य मिळणारी आज्ञावली. तींत ‘एडिट’ मधील ‘ट्रॅक चेंजेस’ खालीं अशाच सोयी आहेत. मात्र मिलाफ चांगला व्हावयाचा तर प्रत्येकानें दुरुस्ती करण्यापूर्वीं बदल नोंदविण्याची सोय चालू ठेवलेली असावी. आणि ‘अॅक्सेप्ट ऑल’, म्हणजे सर्व बदल एकदम स्वीकारण्याचें जें बटण आहे, त्याला शेवटच्या दिवसापर्यंत हात लावूं नये. वरील उदाहरणांत त्या एका दाबण्यासरशीं आत्याबाई नाहींशा होऊं शकतात, आणि झाल्या हें कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं. वाढलेली ओळ वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरते. गेलेली ओळ डोळ्यांत भरावयास जागेवर असतेच कोठें?

मराठी मजकुरास आणखी एक अडचण आहे. जुन्या काळीं संगणकावर प्रत्येक छापखान्याची अक्षरवळणें निराळ्या सांकेतिक पद्धतीचीं असत. तशा वळणांतील प्रत आणि आजच्या युनिकोडमधील प्रत समोरासमोर ठेवली तर यंत्राला प्रत्येक शब्द निराळा दिसतो. दोन्ही युनिकोडमध्यें असल्या तरी भागत नाहीं. ‘वाऱ्यावर’ या शब्दांतील ‘ऱ्या’ एक जण खालीं टिंब असलेल्या र नें लिहितो, दुसरा साध्या र ला न दिसणारें जोडचिन्ह देऊन लिहितो. डोळ्यांना शब्द एकच, यंत्राला दोन. शिवाय शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्यें राज्य शासनानें मान्य केले व १९७२ मध्यें त्यांत आणखी चारांची भर पडली. तेव्हांपासून न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. थोरल्यांची वही जुन्या वळणाची, म्हणजे या सदराप्रमाणेंच ‘नांव’, ‘कोठें’, ‘केलें’ असें लिहिणारी. पुतण्याची प्रत ‘नाव’, ‘कोठे’, ‘केले’ लिहिणारी. दोहोंची तुलना केली तर पानभर लाल रेघा उठतात आणि त्या गर्दींत खरा फरक हरवतो. म्हणून तुलनेपूर्वीं प्रत्येक प्रतीची एक नक्कल करून त्या सर्व नकला एकाच लिपिसंकेतांत व एकाच शुद्धलेखनांत आणाव्या. मूळ प्रतींना मात्र हात लावूं नये.

इतकें झालें म्हणजे यंत्राचें काम संपतें व विवेकाचें सुरू होतें. येथें आपल्याला परक्या मुलखांत वाट विचारीत हिंडण्याचें कारण नाहीं. या कामाचा थोर आदर्श सारोळ्याहून पुण्यास जाणाऱ्या वाटेच्या टोकाशींच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ सालीं स्थापन झालें. तेथें महाभारताची चिकित्सित आवृत्ति काढण्याच्या कार्यास एप्रिल १९१९ मध्यें डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्तें आरंभ झाला. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं एक लाख रुपयांचें साहाय्य देऊं केलें. १९२५ मध्यें डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर मुख्य संपादक झाले. आदिपर्व १९३३ मध्यें पुरें झालें. सुकथनकर १९४३ च्या जानेवारींत वारले. त्यांच्या मागून डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर व नंतर डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं तें काम चालविलें, आणि १९६६ च्या सप्टेंबरांत राष्ट्रपति राधाकृष्णन् यांच्या उपस्थितींत तें पूर्ण झाल्याचें जाहीर झालें. सत्तेचाळीस वर्षें आणि बाराशें एकोणसाठ हस्तलिखितें! शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगु, ग्रंथ, मल्याळम अशा लिपींतील पोथ्या पुण्यास आल्या. कांहींचें वाचन तंजावर व शांतिनिकेतन येथेंही झालें. एका कागदावर श्लोक लिहावयाचा आणि प्रत्येक पोथींतील पाठ त्याखालीं अक्षराखालीं अक्षर मांडावयाचा, अशी पद्धति. आजचें यंत्र जें क्षणांत करतें तें येथें माणसांनीं बोटांनीं केलें.

पण आपल्याला घ्यावयाचा धडा त्या श्रमांपेक्षां त्यांमागील न्यायबुद्धीचा आहे. पहिली गोष्ट, पोथ्या मोजावयाच्या नाहींत, पोथ्यांचीं कुळें मोजावयाचीं. एका पोथीवरून वीस नकला झाल्या तर त्या वीस साक्षी नव्हेत, एकच साक्ष. एकमेकींशीं संबंध नसलेल्या दोन शाखा जेथें एक पाठ सांगतात तेथें तो जुना मानावयाचा. दुसरी गोष्ट, जेथें निश्चय होत नाहीं तेथें निश्चयाचा आव आणावयाचा नाहीं. अशा पाठाखालीं नागमोडी रेघ ओढलेली आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जें मूळ संहितेंत बसलें नाहीं तें टाकून द्यावयाचें नाहीं. व्यासांनीं सांगावें व गणपतीनें लिहून घ्यावें ही घरोघरीं ठाऊक असलेली कथा संपादकांनीं मूळ संहितेंत घेतली नाहीं. परंतु ती त्याच ग्रंथाच्या परिशिष्टांत अक्षरशः छापलेली आहे. ज्याला निर्णय पटत नाहीं त्याला निर्णयाचीं साधनें त्याच पुस्तकांत सांपडतात.

महाराष्ट्रांत याहून जुना दुसरा आदर्श आहे. शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, एकनाथमहाराजांनीं ज्ञानेश्वरीच्या प्रतींतील अपपाठ काढून ती शुद्ध केली. पण त्यांची रीत वेगळी. पाठ शुद्ध झाल्यावर त्यांनीं दार लावून घेतलें. यांत जो आपली ओंवी घालील त्यानें अमृताच्या ताटांत नरोटी ठेविली असें समजावें, अशी ताकीदच दिली. नित्य पठणाच्या ग्रंथाला हेंच योग्य. तरीही इ. वि. का. राजवाडे यांनीं एकनाथांच्या पूर्वींची म्हणून एक प्रत पुढें आणली व १९०९ मध्यें छापली, तेव्हां अभ्यासकांना त्या प्रतीचें केवढें मोल वाटलें! शुद्ध पाठ ठरला म्हणून जुन्या प्रती जाळावयाच्या नसतात, हें यावरून दिसेल.

आतां घरच्या वृत्तांतास यांतील कोणती रीत लावावी? आमच्या मतें भांडारकर मंदिराची. पण एका बाबतींत तिच्यापासूनही निराळें व्हावें लागतें. महाभारताचे संपादक विचारीत होते, पोथ्यांच्या साक्षीवरून जुन्यांत जुना म्हणून पोंचतां येईल असा पाठ कोणता. मागाहून पडलेली भर, कितीही गोड असली तरी, त्यांच्या दृष्टीनें परिशिष्टांत जावयाची. आपण विचारतों, खरें काय घडलें. मूळ वहींत आत्याबाईंचें नांव नव्हतें हें खरें. म्हणून तें नांव खोटें ठरत नाहीं. थोरल्यांनीं तें लिहिलें नाहीं, कारण त्या काळीं कुलवृत्तांत पुरुषांचा, आणि विधवा बहिणीला ‘येथेंच असे’ एवढी जागा पुष्कळ समजली जाई. नंतरची भर येथें मुळापेक्षां अधिक खरी असूं शकते. म्हणून घरच्या मिलाफांत ओळ जुनी कीं नवी याला महत्त्व थोडें. ती कोणाला, कशावरून ठाऊक आहे, याला अधिक. ज्याची फी भरली त्यानें स्वतः सांगितलेली गोष्ट एकाच प्रतींत असली तरी ती बाकीच्या तीन प्रतींच्या मौनापेक्षां वजनदार आहे.

मग मुंबईच्या घरानें ओळ काढली तें चुकलें काय? तसें एकदम म्हणतां येणार नाहीं. छापलेला शब्द परत घेतां येत नाहीं, ही त्यांची भीति खरी आहे. हयात माणसाचें आजारपण, मोडलेलें लग्न, दत्तकाची गोष्ट, यांबद्दल त्या माणसाचाच शब्द अखेरचा मानावा; तो नको म्हणाला तर तें छापूं नये. गेलेल्या माणसाविषयीं मात्र, त्या उल्लेखानें कमीपणा कोणाला येतो, हें शांतपणें पाहावें. आत्याबाईंच्या पाटल्यांनीं घराला कमीपणा येत नाहीं. ती हकीकत झांकून ठेवल्यानेंच कदाचित् येईल. असें चार माणसांत बोलणें झालें म्हणजे बहुधा मुंबईचें घरही कबूल होतें. बोलण्याऐवजीं एकमेकांच्या ओळी खोडीत राहिलें म्हणजे भांडण होतें.

कामाचा क्रम असा ठेवावा. चारही प्रती जशा आल्या तशा, घराचें नांव व तारीख घालून, बाजूस ठेवाव्या. वहीचीं पानें समासासकट छायाचित्रानें उतरून घ्यावीं. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून निघाली याची आधीं लहानशी वंशावळ काढावी. नंतर नकला एका वळणांत आणून, मूळ प्रत पायाशीं धरून, दोन दोन प्रती जुळवाव्या. ज्यांत वाद नाहीं तें प्रथम संपवावें. वादाचीं स्थळें एका कागदावर लिहून प्रत्येकापुढें ‘दाखला’, ‘स्वतः पाहिलेलें’ किंवा ‘ऐकीव’ असें नोंदवावें. मग एका सुटीच्या दिवशीं सर्वांनीं बसावें. एकानें मोठ्यानें वाचावें, दुसऱ्यानें वहींत पाहावें. घालणाऱ्यानें आधार सांगावा, तसेंच काढणाऱ्यानेंही कारण सांगावें. निर्णय न झाल्यास एक पाठ वर व दुसरा तळटीपेंत, घराच्या आद्याक्षरासह, द्यावा. सुना व लेकी यांचीं माहेरचीं व सासरचीं दोन्ही नांवें आलीं कीं नाहीं, हें वेगळें तपासावें. गळतीचें नेहमींचें ठिकाण तेंच आहे.

एक इशारा. ही रीत वृत्तांताची, पत्रव्यवहाराची, पाककृतींच्या वहीची, आरत्यांच्या संग्रहाची आहे, दस्तऐवजाची नव्हे. मृत्युपत्राच्या दोन प्रतींतील सोयीचा भाग घेऊन तिसरी करतां येत नाहीं. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणें मृत्युपत्रास करणाऱ्याची सही व दोन साक्षीदार लागतात, आणि मागाहून कांहीं बदलावयाचें तर त्या बदलालाही तोच विधि लागतो. तेथें जोडणाऱ्याचा हेतु कितीही चांगला असो, जोडलेल्या कागदाला किंमत नाहीं. असे कागद वकिलाकडे न्यावे.

वृत्तांताच्या बाबतींत मात्र दिरंगाई करूं नये. प्रती संगणकांत वर्षानुवर्षें राहतील. त्यांतील कोणती ओळ खरी हें सांगणारीं माणसें तितकीं राहणार नाहींत. सहस्रचंद्रदर्शनाचा मुहूर्त छपाईसाठीं पाहण्यापूर्वीं, ज्यांचें तें आहे त्या बाईंजवळ एक दुपार बसावें व चारही प्रतींतील वादाच्या ओळी त्यांना वाचून दाखवाव्या. त्या लग्न होऊन घरांत आल्या तेव्हां आत्याबाई हयात होत्या, तर नांव त्यांना ठाऊक असेल. आणि बहुधा मूळ वहींत नसलेल्या आणखी दोनचार गोष्टीही त्या सांगतील. त्या समासांत न लिहितां मजकुरांत घ्याव्या.